नगावर की वजनावर?
जुने दिवाळी अंक जमवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

सर्वांत आधी चेहरा सरळ ठेवायला शिका. कागद, शाई, चित्रकार, साल ही सगळी पुढची इयत्ता. रद्दीच्या ढिगातून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा 'दीपावली' डोकं वर काढतो, मुखपृष्ठावर चित्रकार दीनानाथ दलालांची नायिका मान वळवून बघत असते, आणि तुमच्या भुवया गव्हाभर वर गेल्या की खेळ संपला. दुकानदार अंक तुमच्या हातातून काढून घेतो, मांडीवर आपटून धूळ झाडतो, आजवर कधी न बघितल्यासारखा मागनं-पुढनं न्याहाळतो आणि विचारतो, "पाव्हणं, वजनावर न्यायचं म्हणताय का नगावर?"

वजनावर म्हणजे किलोला वीस रुपये. नगावर म्हणजे तुमच्या पायांतल्या चपलेकडे बघून त्याला सुचेल तो आकडा. म्हणून अस्सल कोल्हापुरी घालून रद्दीच्या दुकानात जाऊ नये. रबरी स्लिपर बरी.

तर धडा पहिला. दुकानात शिरल्यावर भलतंच काहीतरी मागायचं. मी मोटर रिवाइंडिंगचं पुस्तक मागतो. ते नसतंच. मग 'बघतो जरा' म्हणत ढिगाशी बसायचं. हवा तो अंक दिसला तरी लगेच उचलायचा नाही. आधी चार गाईडं, दोन जुनी पंचांगं आणि एखादं कॅलेंडर बाजूला काढायचं, मध्ये तो अंक सारायचा, वर आणखी दोन गाईडं ठेवायची आणि गठ्ठा तसाच काट्यावर चढवायचा. अशा रीतीनं चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या एका 'रत्नप्रभा'साठी मी सहा किलो बारावीची गाईडं घरी आणली आहेत. आमच्या घरात बारावीला कुणी नाही. बायकोनं त्याबद्दल एकदाच विचारलं, आणि ते विचारणं अजून संपलेलं नाही.

आता जमवायचं काय, हे ठरवा. नवशिका म्हणतो, 'सगळंच.' त्याला लवकरच खोली बदलावी लागते. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर छापील कागदही जमवतो आहे. इतक्या वर्षांचं सगळं जमवायला राजवाडा लागेल, आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आधीच म्युझियम आहे. (तो १९०९चा अंक आपल्या माळ्यावर आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच्याशी बोलताना एक हात पाकिटावर असू द्या.) एखादा चित्रकार धरा किंवा एखादा काळ धरा. मी १९४५ ते १९७५ धरलं आहे. १९४५ साली दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला. ते १९७१ला गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ला. पुढचे अंक चांगले नाहीत असं नाही, पण माणसानं कुठंतरी थांबावं.

कोल्हापुरात राहून हा नाद करणाऱ्याला मोठा आधार आहे. म. वि. धुरंधर १८६७ साली इथंच जन्मले. वसंत सरवटे १९२७चे, जन्मानं कोल्हापूरचेच. व्यवसायानं सिव्हिल इंजिनिअर, आणि तरी 'ललित'च्या अंकांवर त्यांनी जी माणसं उभी केली ती कुठल्याही इमारतीपेक्षा टिकली. शि. द. फडणीस जन्मानं बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, पण शाळा कोल्हापूरची. म्हणजे मराठी मासिकाचं मुखपृष्ठ हसायला शिकलं, त्यात दोन वाटे आपल्या पाण्याचे आहेत. रेल्वेनं मिरजेच्या पुढं गेलं की किर्लोस्करवाडी. तिथं १९२० साली नांगर करणाऱ्या कारखान्यानं 'किर्लोस्कर खबर' काढली, तिचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतःच चित्रं काढणारे, त्यामुळे चित्रकाराला वेळेवर पैसे देण्याचा प्रश्न निदान काही अंकांपुरता मिटला असावा.

तोटा एकच. इथं प्रत्येकाच्या आजोबांनी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली रंग कालवलेले असतात. एकदा १९६१ सालच्या अंकावर बोट ठेवून दुकानदार मला म्हणाला, "ह्यो खास बाबूरावांच्या हातचा हाय."

मी म्हटलं, "बाबूराव तर १९५४ला गेले."

"मग? आधी काढून ठिवलं आसंल की!"

यावर उत्तर नाही. उत्तर शोधू नका, सही शोधा. ती बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, आणि नेमका तोच कोपरा उंदराच्या आवडीचा. सही गेली असेल तर बाईकडे बघा. दलालांची बाई चालता चालता थांबलेली असते. रेघ ठाम, रंगाचे पट्टे मोकळे, पदराला वारा लागलेला. मुळगावकरांची बाई खास फोटो काढून घ्यायला बसलेली असते. कांती तुकतुकीत, डोळ्यांत दिव्याचा ठिपका, आणि दागिना असा की सराफानं तोळे मोजावेत. दोघंही गोव्याचे, दोघांचीही चित्रं घरोघरी, आणि दोघांच्या भक्तांचं एकमेकांशी पटत नाही. मी दलालांच्या बाजूचा. मुळगावकर चांगले नाहीत असं माझं म्हणणं नाही. ते देवांसाठी राखून ठेवावेत एवढंच.

फडणीसांना सहीची गरज नाही. १९५२ सालच्या 'मोहिनी'च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं चित्र आठवा. तरुण आणि तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. शब्द एक नाही. 'हंस', 'मोहिनी', 'नवल' ही अनंत अंतरकरांची तीन मासिकं. आत कथा वाचायच्या आणि बाहेर बिनशब्दांचं हसायचं, अशी दुहेरी सोय त्यांनी करून ठेवली. हा 'मोहिनी' माझ्याकडे नाही. या वाक्याकडे पुन्हा वळणार आहोत.

यानंतर साल ओळखणं. मुखपृष्ठ आहे पण आतली पहिली पानं नाहीत, असा अंक हाती आला तर घाबरू नये. किंमत बघा. आण्यांत असेल तर १९५७च्या आधीचा. 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ यांमधला, कारण त्या सात वर्षांत पैसा नवा होता. मग तो जुना झाला आणि नुसता पैसा उरला. मागच्या जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ किंवा नंतरचा. 'मुंबई ४' एवढंच असेल तर आधीचा असण्याची शक्यता जास्त, पण जाहिरातदार जुना ब्लॉक वर्षानुवर्षं वापरत, तेव्हा एका जाहिरातीवर पैज लावू नका.

अस्सल-नक्कल हा प्रश्न हल्ली निघू लागला आहे. जुन्या मुखपृष्ठाची रंगीत प्रत काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, 'ओरिजिनल हाय सर' म्हणून देणारे भेटतात. भिंग घेऊन जा. त्या काळचं मुखपृष्ठ ब्लॉकवर छापलेलं. एकेक रंगाचा ठसा वेगळा, एकावर एक मारलेला. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, आणि बऱ्याचदा लाल ठसा सुतभर सरकलेला असतो. नायिकेच्या ओठांचा रंग ओठांच्या जरा बाहेर. सगळं जागच्या जागी, चोख असेल तर संशय घ्या. दुसरी खूण बोटाची. आतल्या पानाची मागची बाजू डोळे मिटून चाचपा. खिळ्यांनी छापलेल्या पानावर अक्षरांचा दाब लागतो. हे दुकानात करताना डोळे उघडे ठेवलेले बरे. मी मिटले होते, आणि दुकानदारानं पोराला पाणी आणायला पिटाळलं.

धडा तिसरा. (दुसरा वर कुठंतरी होऊन गेला.) अंक फक्त दुकानात असतात हा गैरसमज आहे. ते घरात असतात, आणि अंक म्हणून नसतात. मुखपृष्ठाचा कागद जाड, गुळगुळीत. असा कागद आमच्या आया-आज्यांनी वाया घालवलेला नाही. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घाला, ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवा, कोनाड्यात पसरा. मंगळवार पेठेतल्या एका काकूंच्या फडताळात, चटणीच्या डब्याखाली, मला एक दलाल दिसले. कपाळावर डब्याच्या बुडाचं तेलकट गोल, उजव्या खांद्यावर हळद, बाकी बाई सुखरूप.

"काकू, ह्या डब्याखालचा कागद मला द्याल का?"

"कशाला? तुमच्यात झुरळं झाल्यात व्हय?"

इथं थांबायला हवं होतं. 'हो' म्हणायचं, कागद घ्यायचा, चालू लागायचं. मी म्हणालो, "नाही, चित्र फार छान आहे."

काकूंनी डबा उचलला. चष्मा पुसून वाकून बघितलं. "अगं बाई! ही अजून हाय व्हय? मी लगीन होऊन आले, तवा सासूबाईंनी घातलेला कागद हा." मग त्यांनी पदरानं तिचं कपाळ पुसलं, हळद मात्र राहू दिली, आणि कागद देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवला. तो आजही तिथंच आहे. मी दर दसऱ्याला सोनं द्यायला जातो आणि बघून येतो.

लपवलेले अंक हा वेगळा खजिना. १९६२ सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ला ते सुटले. पण ज्यांनी तो अंक गादीखाली घातला होता, त्यांना निकाल कळला नसावा. असल्या अंकांची तब्येत फार चांगली असते. ऊन नाही, धूळ नाही, पाहुण्यांची पोरं नाहीत. फक्त विकायला येतात तेव्हा वर वर्तमानपत्राचं कव्हर असतं आणि त्यावर 'शेतकी मार्गदर्शक' असं लिहिलेलं असतं. कव्हर काढल्याशिवाय कुठलीही मार्गदर्शिका परत ठेवू नका.

'चांदोबा'चं उलट. तो १९५२पासून मराठीत येऊ लागला, आणि वड्डादि पापय्यांची ती मुखपृष्ठं, राजकन्या, हत्ती, कमळांनी भरलेली तळी, पोरांच्या हातून कधी सुटलीच नाहीत. प्रत्येक राजाला निळ्या शाईची जादा मिशी आहे. खोडरबरानं ती काढायला जाऊ नका. खाली राजाची मूळ मिशीही निघून येते. मी काढली आहे.

'आवाज' घेताना खिडक्या मोजा. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकाची कीर्ती त्या खिडक्यांवर. पान कापून केलेली झडप, बाहेरून वाटतं एक, उघडलं की निघतं भलतंच. आधीच्या मालकांनी त्या इतक्या वेळा उघडून खात्री करून घेतलेली असते की झडपा लोंबत असतात. झडपेसकट अंक मिळाला तर तो अत्यंत सज्जन घरातला आहे किंवा कुणी उघडलेलाच नाही, असं समजावं.

आता जपणूक. आणि इथं मला माझी गोष्ट सांगायलाच हवी.

सुरुवातीच्या उत्साहात मी 'हंस' आणि 'मोहिनी'चे बावीस अंक बाइंडिंगला दिले. वर्षवार लावून, सुतळी बांधून, चिठ्ठी लावून. गेलो ते थेट पुढच्या वर्षी. दोन देखणे खंड तयार; लाल कापड, सोनेरी अक्षरं. उघडले तर प्रत्येक अंक थेट अनुक्रमणिकेपासून सुरू.

"मुखपृष्ठं कुठं आहेत?"

"पुठ्ठं व्हय? ती मऊ पडली हुती, कडा फाटलेल्या. काढून टाकली. तिन्ही बाजूंनी मशीन मारलंय, आता बघा कसं एकसारखं दिसतंय!"

"काढून टाकली म्हणजे... टाकली कुठं?"

"टाकतोय कशाला? पोराच्या वह्यांस्नी कव्हरं घातली की."

पोरगा समोरच अभ्यास करत बसला होता. भूगोलाच्या वहीवर फडणीसांचे एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या पोटावर लेबल होतं, इयत्ता पाचवी, तुकडी ब. मी वही मागितली. पोरानं वहीवर पालथा हात ठेवला आणि बापाकडे बघितलं. शेवटी मी शंभर पानी सहा वह्या नव्या घेऊन दिल्या आणि सहा मुखपृष्ठं सोडवली. उरलेली गेल्या वर्षीच्या वह्यांवर होती, आणि गेल्या वर्षीच्या वह्या वजनावर गेल्या होत्या.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं तेच केलं जे बाइंडर पिढ्यान् पिढ्या करत आले. ग्रंथालयाला मजकूर जपायचा असतो. म्हणून बारा अंक घ्यायचे, मुखपृष्ठं आणि जाहिराती फाडायच्या, उरलेलं शिवायचं. कथा राहिली, कविता राहिली, संपादकीय राहिलं. ज्या चित्रासाठी माणसानं स्टॉलवरून अंक उचलला ते पहिल्यांदा गेलं. आपल्याकडे अक्षर जपायची रीत आहे, चित्राला मात्र आपण कव्हर समजतो, आणि कव्हराचं काम फाटणं. नुसतं वाचायचं असेल तर हा छंद करूच नका. गावात १८५० सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, सभासद व्हा.

वाचनालयातून बाद होऊन आलेला अंक मात्र सोडू नका. त्यावर गोल शिक्का असतो, आणि शिक्का मारणारा नेहमी मधोमध मारतो, म्हणजे नायिकेच्या गालावर. वर क्रमांकाची चिठ्ठी, कडेला दाभणानं पाडलेली तीन भोकं, मागं तारखांचा कागद. त्या तारखा वाचा. दिवाळीचा अंक पुढच्या श्रावणापर्यंत घराघरांतून फिरत असे. मी आधी शिक्केवाले अंक टाळायचो. आता मुद्दाम घेतो.

काय करू नये याची यादी लांब आहे, त्यातलं मोजकं सांगतो. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. पाच-सहा वर्षांत ती पिवळी पडते, पट्टी सुटते आणि डाग राहतो. पिना गंजलेल्या असतील तर हळूच सरळ करून काढा आणि जाड दोऱ्यानं शिवा. भिंतीला लावून ठेवू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंत आतून ओली असते, हे तिला हात लावून कळत नाही, अंकाला लावून कळतं. पत्र्याच्या ट्रंकेत, आडवे, जमिनीपासून उंच ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. कसर आणि वाळवी दोघी तुमच्यापेक्षा जास्त नियमित आहेत.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१. पंचगंगेला दलाल-मुळगावकर कळत नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या एका मित्राचं घर चार दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चौदा अंक बाहेर काढले. साध्या कागदाचे दोरीवर वाळत घातले, ते फुगले पण वाचले. गुळगुळीत कागदाचं तसं नसतं. तो ओला असेतो पान सुटतं. एकदा का तसाच वाळला की पानं एकमेकांना धरून बसतात आणि अंकाची वीट होते, ती कुणालाच उघडत नाही. वेळ नसेल तर अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये घालायचा. गोठला की बुरशी थांबते आणि तुम्हाला उसंत मिळते. मी पाच अंक घरी आणून फ्रीझरमध्ये घातले. रात्री बायकोनं बर्फाचा ट्रे काढायला दार उघडलं, तर आत पन्नाशीतली एक नटवी डोळे मिचकावत होती. पन्नाशी म्हणजे १९५०चं दशक, असं मी समजावून सांगितलं. पुढं एकेक काढून, पानांत टीपकागद घालत सोडवले. तीन वाचले, दोन विटा झाल्या. त्या विटाही ठेवल्या आहेत.

शेवटची एक ताकीद, आणि ही गंभीरपणे घ्या. नुसतं मुखपृष्ठ कापून फ्रेम करू नका, आणि कापलेलं मुखपृष्ठ विकत घेऊ नका. हल्ली त्याला गिऱ्हाईक आहे. हॉटेलांच्या भिंतींवर, कॉफीच्या दुकानांत जुनी मराठी बाई शोभून दिसते. एका अंकाचं मुखपृष्ठ भिंतीवर जातं, उरलेला अंक पुडीला जातो. बाइंडरनं अर्धा अंक वाचवला होता, फ्रेम करणारा दुसरा अर्धा वाचवतो, आणि पूर्ण अंक कुणाकडेच राहत नाही.

तेवढं पाळलंत तर बाकी चुका केल्या तरी चालेल. १९५२चा दिवाळी 'मोहिनी' मुखपृष्ठासकट कुणाच्या फडताळात, ट्रंकेत, गादीखाली असेल तर डबा उचलून एकदा बघा. मिळाला तर मला सांगा. मी नगावर घ्यायला तयार आहे, आणि चप्पल कुठलीही घालून येईन.

लक्ष्मीपुरीच्या बाजूला मी ज्या दुकानात जातो, तिथं आठवड्याचा नवा माल रविवारी सकाळी नऊला उतरतो. नवशिक्यांनी दहाला यावं.